चालू गाडीचं टर्मिनल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या लेथच्या शेडला लागूनच कृष्णात मिस्त्रीचं गॅरेज होतं. मध्ये पत्र्याची भिंत, तीही खालून गंजून गेलेली. माझ्या मशीनचा आवाज त्यानं सोसायचा आणि त्याच्याकडची बडबड मी ऐकायची, असा आमचा शेजार. आमचं भांडण व्हायचं ते फक्त सावलीवरून. दुपारी माझ्या दारातल्या सावलीत तो गिऱ्हाइकाची गाडी आणून लावायचा, आणि मी काही बोललो की म्हणायचा, "सावली काय तुज्या बानं आणून ठिवल्या व्हय?"

कृष्णात मूळचा आजऱ्याकडचा. उमेदवारी करून शिकला आणि सन साठ-पासष्टच्या सुमारास इथं शेड टाकली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि जरा वेळानं "दोन नंबरचा टॅपेट बोलतोय" म्हणून सांगायचं. खोलून बघावं तर दोन नंबरचाच निघायचा. लोक त्याला कानाचा मिस्त्री म्हणत. कुणी म्हणायला विसरलं तर तो स्वतःच आठवण करून द्यायचा. गर्विष्ठ माणूस होता, आणि खरं सांगायचं तर मला तो त्याच्या गर्वासकट आवडायचा. ज्याला काही येत असतं त्यानं थोडी मान वर ठेवली तर बिघडतं काय?

त्याची आणखी एक खोड होती. ती सगळ्याच मिस्त्रींची होती, पण कृष्णात तिचा तमाशा करायचा. गाडी चालू ठेवायची, थोडी रेस द्यायची आणि चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल, म्हणजे तिच्यावर बसवलेलं तारेचं टोक, उपसून हातात धरायचं. इंजिन चालूच राहिलं तर बॅटरी भरणारा डायनामो ठणठणीत. भुसकन बंद पडलं तर डायनामो गेला. मीटर नको, दिवा नको. टर्मिनल हातात धरून तो इंजिनकडं बघायचाच नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचा. ॲम्बॅसिडर झाली, फियाट झाली, जीप झाली, सगळ्यांची टर्मिनलं त्यानं उपसली आणि कुणाला कधी शिंकसुद्धा आली नाही.

त्याच शेडमध्ये कोपऱ्यात कुतुबुद्दीन बसायचा. हा वायरमन. गाडीचे दिवे, हॉर्न, सेल्फ, सगळी वायरिंगची कामं त्याची. दोघांची दोस्ती जवानीपासूनची. डबा एकत्र खायचे, आणि खाताना एकमेकांच्या धंद्याला नावं ठेवायचे. कुतुब म्हणायचा, "तुजं इंजिन म्हंजे नुस्तं लोखंड. जीव वायरीत हाय." कृष्णात म्हणायचा, "तुजी वायर तोडली तर ढकलून तरी गाडी चालती. माजं इंजिन काडलं तर तुज्या दिव्याच्या उजेडात बसून ऱ्हावा." कुतुबचं बोलणं एरवी कमी, हात मात्र स्वच्छ. त्यानं गुंडाळलेला जोड पुन्हा कुणाला उघडावा लागला नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कुरुंदवाडचा बाळासो गाडी घेऊन आला. बाळासो साखर कारखान्यावरचा पॅनमन, म्हणजे उसाचा रस आटवून दाणा पाडणारा माणूस. आपल्याकडचे असे बरेच जण तेव्हा आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांवर गेले होते, तसा हाही गेला, आणि सुट्टीवर येताना बोटीतून एक परदेशी गाडी घेऊन आला. हिरवी, लांब, बसायला ऐसपैस. फक्त ती काळा धूर ओकायची, पेट्रोल ढोसायची आणि गरम झाली की गचके द्यायची. बाळासो चार ठिकाणी फिरला. शेवटी कुणीतरी सांगितलं, कानाच्या मिस्त्रीकडं जा.

कृष्णातनं बॉनेट उघडलं आणि बघतच राहिला. जिथं कार्बोरेटर असायचा तिथं नुसत्या नळ्या होत्या.

"ह्येचं नरडं कुठं हाय?" त्यानं विचारलं.

बाळासो हसला. "कार्बोरेटर न्हाय मिस्त्री ह्येला. काँप्युटर हाय. डॅशबोर्डाखाली पेटी हाय बगा, ती ठरवती पेट्रोल किती सोडायचं ते."

"पेटी ठरवती? मग आमी काय पेटी वाजवत बसायचं?"

सगळे हसले, कृष्णात मात्र त्या नळ्यांकडंच बघत होता. जेट साफ करायची, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, कान लावून गाडी गोड करायची, ही त्याची सगळी कला त्या गाडीत कुणी आधीच काढून घेतली होती. त्यानं प्लग काढले, पुसले, परत बसवले. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. काही हाती लागलं नाही. काम कुतुबकडं गेलं.

कुतुबलाही त्या पेटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं फक्त पेटीतून निघालेल्या तारा एकेक करून बोटांत धरल्या आणि शेवटापर्यंत गेला. पाण्याच्या नळीत बसवलेल्या एका लहानशा खिळ्याकडं जाणारी तार उंदरानं कुरतडली होती. त्यानं ती सोलली, सोल्डर मारला, टेप गुंडाळली. गाडी सुरू केली. धूर गायब.

तो शुक्रवार होता. बाळासो खूश होऊन म्हणाला, "मिस्त्री, तुमचा कान ऱ्हायला बाजूला. गाडी बरी केली ती ह्या दोस्तानं. खरा मिस्त्री ह्यो." चेष्टेतच म्हणाला. कुतुब हसला, कृष्णातही हसला. मग बाळासो बायकोला घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला गेला, कुतुबनं खिशातली टोपी डोक्यावर ठेवली आणि तो नमाजला गेला. शेडमध्ये कृष्णात आणि ती गाडी, एवढेच उरले.

पुढचं मला कृष्णातनंच सांगितलं, फार नंतर. त्याच्या मनात गाडीचं वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त एक दोष सापडायला हवा होता. कुतुबच्या नजरेतून सुटलेला, बारकासा का होईना, एक दोष. बाळासो परत आल्यावर छाती पुढं काढून सांगता आला असता. त्यानं गाडी सुरू केली, कान लावला. इंजिन इतकं एकसारखं चाललं होतं की ऐकण्यासारखं काही नव्हतं. मग त्याला डायनामो आठवला. त्यानं दिवे लावले, रेस वाढवली आणि टर्मिनल उपसलं.

इंजिन एकदा मोठ्यानं ओरडलं आणि बंद पडलं. डॅशबोर्डाखालून जळका वास आला, अगदी बारीक. कृष्णातनं घाईघाईनं टर्मिनल बसवलं, आवळलं, चावी फिरवली. सेल्फ फिरत होता, गाडी पेटत नव्हती. पुन्हा फिरवली. मग बॉनेट बंद करून तो बाजूला उभा राहिला आणि चिंध्यांनी हात पुसत राहिला.

कुतुब परत आला. "काय झालं रं?"

"चालू हुती. बंद पडली." हे खोटं नव्हतं.

कुतुबनं आपला जोड उघडला, परत केला. तारा तपासल्या. बाळासो आला, त्याच्या बायकोच्या हातात प्रसादाचा पेढा होता, तो तिनं कुणाला दिलाच नाही. कुतुब घामानं निथळत होता. शेवटी तो गाडीखालून बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माज्याच हातनं काय तर झालं असंल." म्हणताना त्यानं कृष्णातकडं बघितलं.

कृष्णात म्हणाला, "असंल."

या शब्दाबद्दल मी त्याला फारसा दोष देत नाही. त्याला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. टर्मिनल काढल्यानं गाडीचं काही जात नाही, ही गोष्ट त्याच्या लेखी सूर्य उगवण्याइतकी पक्की होती. शेण त्यानं खाल्लं ते नंतर.

बाळासोच्या ओळखीनं पुण्याहून इनामदार नावाचे इंजिनिअर आले. साधा, सभ्य माणूस. शर्टाच्या बाह्या दुमडून खाली बसले, पेटी काढली, झाकण उघडलं आणि आतली काळी पडलेली जागा सगळ्यांना दाखवली. मग कुतुबनं विचारलं म्हणून समजावूनही सांगितलं.

"कार्बोरेटरमध्ये हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर पेट्रोल आपोआप खेचलं जातं. इथं तसं नाही. हवेच्या वाटेवर एक झडप आहे. हवा जितकी जास्त, तितकी झडप ढकलली जाते, आणि किती ढकलली गेली ते तारेवरून या पेटीला कळतं. दुसरी तार सांगते इंजिन किती वेगानं फिरतंय. तिसरी सांगते पाणी किती तापलंय. पेटी हे सगळं जमेला धरते आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेल्या पिचकारीला हुकूम देते, उघड, मीट. जितका वेळ पिचकारी उघडी, तितकं पेट्रोल आत. पापणी लवायच्या आत हा हिशेब होतो, आणि इंजिन फिरतंय तोवर होतच राहतो."

"मंग धूर का येत हुता, साहेब?"

"ती तुमची तुटलेली तार. तार तुटल्यावर पेटीला वाटलं, पाणी गार आहे. साधं गार नाही, बर्फात गाडी उभी असल्यासारखं. कोल्हापुरात ऊन तापलंय हे तिला कुठून कळणार? तिला डोळे नाहीत, कान नाहीत. तारेनं सांगितलं ते तिनं खरं धरलं आणि गार इंजिनला देतात तसं पेट्रोल देत सुटली. तुम्ही तार जोडली ते बरोबरच केलं."

कुतुबच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. "मग जळली कशानं?"

"बाराच्या जागी एकदम कितीतरी पट जास्त व्होल्टेज आत शिरलं. असं बहुतेक वेळा एकाच गोष्टीनं होतं. डायनामोच्या जागी आता अल्टरनेटर आलाय. तो बॅटरी भरत असताना कुणी बॅटरीच काढून घेतली तर त्याचा जोर एका क्षणात उसळतो. जुन्या गाड्यांत जळण्यासारखं नाजूक काही नसायचं, म्हणून चालून जायचं." त्यांनी वर बघितलं. "चालू गाडीचं टर्मिनल कुणी काढलं होतं का?"

"म्या न्हाय काडलं," कुतुब म्हणाला.

साहेबांनी कृष्णातकडं बघितलं. बाळासोनं बघितलं. कृष्णात मला म्हणायचा, त्या वेळी माझे कान आतून इतके तापले की साहेबांचं पुढचं बोलणं मला लांबून आल्यासारखं वाटलं. त्याला सगळं कळलं होतं. कशानं जळली, कुणी जाळली, सगळं. आणि साहेबांच्या पुढ्यात, बाळासोच्या पुढ्यात कानाच्या मिस्त्रीनं मान ताठ केली.

"न्हाय. आमी असलं करत न्हाय."

कुतुबनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि मग जमिनीकडं.

"मग सोल्डर मारताना," साहेब पेटीपेक्षा मिस्त्रीचा शब्द खरा धरून म्हणाले. "सोल्डरची सळई घरच्या लाईनवर लावलेली असते, तिचा करंट झिरपतो कधी कधी. पेटीचा प्लग काढून ठेवला होता का?"

"न्हाय, साहेब."

"मग तेच असणार. लगेच जात नाही, थोडी चालून मग जाते. तुम्हाला माहीत नव्हतं, त्यात तुमचा काय दोष."

बाळासोही रागावला नाही. कुतुबच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे गा. चुकून झालं." रागावला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर कदाचित बरं झालं असतं. पुढं नवी पेटी आली, गाडी चालू झाली, पण बाळासोनं ही हकीकत जिथं तिथं सांगितली, अगदी प्रेमानं, कुतुबला सांभाळून घेत सांगितली, आणि उद्यमनगरात ठरून गेलं की कुतुबुद्दीननं परदेशी गाडी जाळली. लोक गाडी आणायचे आणि कृष्णातला बाजूला घेऊन म्हणायचे, "वायरिंग दुसऱ्याकडनं घ्या हां मिस्त्री." कृष्णात म्हणायचा, "तसं काय न्हाय, चांगला हाय तो." म्हणायचा, पण हळू आवाजात. ज्याचा आवाज पत्र्याला भोक पाडून माझ्याकडं यायचा, त्याचं हे वाक्य मला कधी ऐकू आलं नाही.

डबा अजून एकत्र खायचे. पण एकमेकांच्या धंद्याला नावं ठेवणं बंद झालं. मी इकडं लेथ बंद करून ऐकायचो तर नुसता भाकरी मोडल्याचा आवाज.

ईदला कृष्णात दरवर्षीसारखा कुतुबच्या घरी गेला. कुतुब पाव्हण्यांना पोचवायला बाहेर गेला होता. त्याची बायको मेहरुन्निसा शिरखुर्मा घेऊन आली. वाटी हातात देऊन ती तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

"भाऊ, तुमी तरी सांगा त्यास्नी. केलेला जोड धा-धा बारी उघडून बगत्यात म्हनं. घरातला बल्ब बदलाय सांगितला तर मलाच म्हनाले, तू बदल. तुमचंच ऐकतील ते."

कृष्णातनं वाटीत बघत मान हलवली. "सांगतो की." आणि शिरखुर्मा संपवला. हे सांगताना तो माझ्यासमोर रडला होता. म्हणाला, "खीर गोड लागली रं. लाज वाटायच्या टायमाला जिभंला गोड लागाय नको हुतं." मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि थोबाडीतही द्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही.

पावसाळा संपेपर्यंत कुतुबनं शेड सोडली. बागल चौकाच्या बाजूला एक खोपटं घेऊन पंख्यांच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायला बसला. पंख्याची मोटार जळकीच येते, तिथं आणखी जाळायला काही नसतं, असं म्हणाला म्हणे.

त्यानंतर कृष्णातनं पुण्याच्या फेऱ्या सुरू केल्या. लोकांना सांगायचा, नवीन गाड्या येणार, पेटी शिकली पाहिजे. हे वरवरचं. त्याला बघायचं होतं की आपण सुटतो का. साहेब माणूसच आहेत, चुकले असतील. टर्मिनलानं पेटी जळतच नसेल. सोल्डरनंच जळली असेल. तसं निघालं असतं तर त्यानं अंबाबाईला नारळ फोडला असता. इनामदार साहेबांना या वयात शिकायला येणाऱ्या मिस्त्रीचं भारी कौतुक. त्यांनी जळक्या पेट्या उघडून दाखवल्या, कुठल्या तारेवरून काय येतं, आत कोण कुणाला काय कळवतं, झिरपलेल्या करंटानं जळालेली पेटी कशी दिसते आणि उसळलेल्या जोरानं जळालेली कशी, सगळं दाखवलं. आणि कृष्णात हुशार, त्याला सगळं कळत गेलं. बाळासोच्या पेटीत नेमकं काय, कुठं आणि कशानं गेलं ते त्याला आता स्वच्छ दिसत होतं. सुटायला गेला आणि जास्तच अडकला.

दर खेपेला एस.टी.त बसताना ठरवायचा की आज साहेबांना सांगून टाकायचं. दर खेपेला त्यांचा निरोप घेताना बोलायला तोंड उघडायचा. पण साहेब म्हणायचे, "तुमच्यासारखा सरळ माणूस मिळत नाही हो," आणि हा नमस्कार करून परतीची एस.टी. धरायचा. असं करता करता इनामदार साहेब नोकरीनिमित्त देशाबाहेर निघून गेले.

पुढच्या सुट्टीत बाळासो आला. आकारामच्या चहाच्या गाड्यावर नेहमीची मंडळी होती, मीही होतो. बाळासोनं सहज विचारलं, "तुमचा तो वायरमन काय करतोय मिस्त्री आता?" कृष्णातनं हातातला चहा फळीवर ठेवला. खडू घेतला आणि गाड्याच्या पत्र्यावर चित्र काढायला लागला. ही झडप, हे पाणी, ही पिचकारी, ही पेटी. तारा काढल्या. कुठली तार काय सांगते ते सांगितलं. इतकं छान सांगितलं की ज्यांनी आयुष्यात सायकलपलीकडं काही चालवलं नव्हतं तेही माना डोलवत होते.

"आता सांगा बाळासो," तो म्हणाला, "हिरीवर मोटार चालू हाय, पानी पाटाला चाललंय. आन म्होरचा व्हॉल्व्ह कुणी फटकन बंद केला तर?"

"पायप फुटंल."

"फुटंल न्हवं? हितला करंट बॅटरीत चाललाता. आन चालू गाडीत बॅटरीच काडून घेतली. करंटानं जायचं कुठं? पेटीत शिरला." त्यानं खडूनं पेटीवर फुली मारली. "ते टर्मिनल म्या काडलं. कुतुब नमाजला गेलता तवा. साहेबांनी इचारलं तवा न्हाय म्हनलो. पेटी म्या जाळली. त्येनं न्हाय."

मग आकारामनं कपबशी विसळता विसळता विचारलं, "मिस्त्री, तू आजपतूर किती गाड्यांची टर्मिनलं काडलीस?"

"लई काडली."

"त्यातली जळली कुठली?"

"आरं, त्यास्नी पेटी नव्हती."

"आमच्या म्होरं काडलीस की. काय होत न्हाय त्येनं. सगळंच काडत्यात."

बाळासो उठला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं कृष्णातचे खडूनं पांढरे झालेले हात आपल्या हातात घेतले. "मिस्त्री, ह्या वयात पुण्याला जाऊन एवढं शिकलासा, ते कुतुबला सोडवाय व्हय? दोस्ताची चूक आपल्या अंगावर घ्याय? असला दोस्त मला न्हाय मिळाला बगा."

"न्हाय हो! आईची आन. अंबाबाईची आन घेऊन सांगतो, म्या जाळली."

"बगा," बाळासो आमच्याकडं वळून म्हणाला, "देवीची खोटी आनसुद्दा घेतली त्येच्यासाठी."

कृष्णात चिडला, ओरडला, फळीवरचा कप त्यानं आपटून फोडला. जितका ओरडला तितकी मंडळी गहिवरली. मी म्हणालो की खरं असेल तो सांगतोय ते, तर मलाच ऐकवलं की तुमचं त्याच्याशी सावलीवरनं वाकडं आहे. आठवडाभरात गोष्ट गावभर झाली. कृष्णातकडं गाड्यांची रांग लागली. माझ्या दारातली सावली कायमची गेली. आणि या गोष्टीत कुतुबुद्दीन होता तिथंच राहिला, गाडी जाळणारा. उलट आता तर ज्याच्यासाठी देवमाणसाला खोटं बोलावं लागलं असा गाडी जाळणारा.

एका दुपारी कृष्णात माझ्याकडं आला आणि म्हणाला, चल माझ्याबरोबर, एकट्याचे पाय उचलत नाहीत. आम्ही बागल चौकाकडं गेलो. कुतुब खोपटात मांडीवर मोटार घेऊन तांब्याची तार गुंडाळत होता. त्यानं आम्हाला स्टूल सरकवून दिलं. हात थांबवला नाही.

"कुतुब, ते टर्मिनल—"

"आलंय कानावर."

"लोकं म्हनत्यात तसं न्हाय ते. खरंच म्या—"

"मला तवापास्नंच ठावं हाय," कुतुब म्हणाला. "आमी असलं करत न्हाय म्हनलास, तवाच कळलं. हयातभर करत आलास की. माज्याइतकं कुनी बगितलंय तुला?"

"मंग बोलला का न्हाईस मर्दा?"

"तू बोलशील म्हनून." त्यानं तारेचा वेढा नीट बसवला. "चहा पिऊन बोलंल म्हनलं. मग म्हनलं, उद्या बोलंल. शेडवर बसून वाटच बगत हुतो की. घरात कुनाला सांगितलं न्हाय, मेहरुन्निसाला बी न्हाय. तू ईदला आलतास, तिला काय बोलला न्हाईस, तवा म्हनलं, आता शेड सोडावी."

कृष्णातनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले, लहान मुलं झाकतात तसे. मला त्याच्याकडं बघवेना. मी बाहेरच्या रस्त्याकडं बघत बसलो.

"आता सगळ्यांस्नी सांगतोय रं," तो तसाच खाली बघून म्हणाला. "घसा फोडून सांगतोय. कोन खरंच धरना."

"कसं धरतील? पेटी म्हंजे काय हे ठावं असलेला मानूस येकच हुता. त्येनं तुला तोंडावर इचारलं हुतं. तवा नुस्तं व्हय म्हनला असतास तर सरलं असतं सगळं." कुतुबच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कृष्णातला तिथं बसणं सोपं गेलं असतं.

तेवढ्यात एक पावणं टेबल फॅन काखोटीला मारून आले. गडहिंग्लजकडचे असावेत, बोलण्यात तिकडचा हेल होता. फॅन खाली ठेवता ठेवता त्यांनी कृष्णातकडं निरखून बघितलं.

"तुमी उद्यमनगरातलं मिस्त्री न्हवं? दोस्ताची चूक आपल्या अंगावर घेतलेलं?" आणि उत्तराची वाट न बघता ते वाकले आणि त्यांनी कृष्णातच्या पायाला हात लावला.

कृष्णात पाय मागं घ्यायला गेला, पण मागं भिंत होती. त्यानं कुतुबकडं बघितलं. आजवर कुणापुढं केली नसेल अशी नजर होती ती, आता तूच काय ते सांग म्हणणारी.

कुतुबनं मोटार मांडीवरून उतरवून खाली ठेवली आणि पावण्यांचा फॅन पुढं ओढला.

"व्हय, तेच हे," तो म्हणाला. "फिरतच न्हाय का फिरताना आवाज करतोय?"